अस्तर लावलेले पिझ्झे

मी शिंपी आहे. तीस वर्षं कात्री चालवतोय. लोक मला मास्तर म्हणतात, बायकोसुद्धा मास्तरच म्हणते, आणि कापडाच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवायला आलं तर मी त्याला दुकानाची पायरी दाखवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जो गाढवपणा केला तो अडाणीपणातून झालेला नाही. तो ज्ञानातून झालेला आहे.

त्या दिवशी माझ्या बायकोची बस चालवण्याची परीक्षा होती. खरी बस, चाळीस सीटांची. दहा वर्षं तिने एका लाँड्रीची गाडी चालवली, चादरींची गाठोडी हॉटेलांत पोचवली, आणि चिंचोळ्या गल्लीत गाडी उलटी घ्यावी ती तिनेच. लेखी परीक्षा ती केव्हाच पास झाली होती. उरलं होतं ते डेपोच्या मैदानात प्रत्यक्ष बस चालवून दाखवणं, आणि ते दोनदा राहून गेलं होतं. पहिल्या वेळी गुंडीला ताप आला. गुंडी म्हणजे आमची मुलगी, वय वर्षं दहा. शिंप्याच्या घरात जन्मली म्हणून तिला गुंडी नाव पडलं. तापमापकात शंभर दिसलं आणि मी फोन केला. बायको रांग सोडून घरी आली, तोवर गुंडी दारात दोरीवरच्या उड्या मारत होती. दुसऱ्या वेळी न्हाणीघरातला नळ तुटला. तेव्हा फोन अक्काने केला. अक्का माझी थोरली बहीण. शेजारी राहते, पण फक्त झोपायला. बायको येईपर्यंत नळवाला काम करून, वर चहा पिऊन गेलासुद्धा होता.

डेपोचा नियम असा, की तिसऱ्यांदा गैरहजर राहिलं की नाव कायमचं कापतात. म्हणून सकाळी ती निघताना मी सगळ्यांसमोर शब्द दिला.

"घराला आग लागली तरी आज तुला फोन करणार नाही," मी म्हणालो. "अग्निशामक दलाला करीन."

ती हसली नाही. तिने अक्काकडे बघितलं, आणि अक्काने छताकडे.

साडेपाचला तिची पाळी होती. पाचला आमच्या घरी आठ मुली यायच्या होत्या. गुंडीच्या शाळेत नाटक होतं, त्याचे कपडे मी शिवणार होतो, आणि मापं द्यायला सगळ्या एकदमच येणार होत्या. गुंडीने त्यांना छोटे छोटे पिझ्झे कबूल केले होते, आणि तेही घरी केलेले. नाटकात जी मुलगी राणी होती, ती म्हणे वर्गात सगळ्यांदेखत म्हणाली होती, "घरी पिझ्झा होतच नाही. घरी होतो तो टोस्ट." तेव्हापासून गुंडीचं डोकं फिरलेलं.

बायकोने पहाटे उठून यीस्ट घालून मैदा भिजवला, टोमॅटोचं दाटसर सॉस करून ठेवलं, कांदा-ढोबळी मिरची चिरून डब्यात भरली. "तुम्ही फक्त पुरीएवढे गोल लाटा, काट्याने टोचा आणि ओव्हनमध्ये ठेवा," ती म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम आहे, मास्तर." मी मान डोलावली. मनात म्हटलं, जो माणूस सुटाची बाही बसवतो त्याला पुरीएवढा गोल काय अवघड?

तीन वाजता पातेल्यावरचं झाकण काढलं. मैदा टम्म फुगला होता. गोळा घेतला, लाटला, छान गोल झाला. लाटणं उचललं आणि तो गोल माझ्या डोळ्यांदेखत आक्रसला. पुन्हा लाटला, पुन्हा आक्रसला. चार इंचाचा तीन इंच, तीनाचा अडीच. मी चिडलो. कापड असं वागलं तर मी काय करतो ते त्या मैद्याला ठाऊक नव्हतं.

आता नीट ऐका, कारण माझं म्हणणं असं आहे की यात तर्काची चूक कुठेच नाही. जे अंग आखडून घेतं, त्याच्यावर ओलं फडकं घालावं आणि गरम इस्त्री फिरवावी. वाफेने ते सैल होतं आणि दिलेल्या आकारात बसतं. लोकरीचं कापड बसतं, सुती बसतं, मग मैद्याने काय घोडं मारलंय? मी स्वच्छ मलमल घेतली, ओली करून पिळली, एक गोल कपड्याखाली ठेवून इस्त्री दाबली. चुर्र आवाज आला. वरून हात फिरवला तर खाली कसं सपाट, एकसारखं. आक्रसायचं नावच नाही.

तिथे थांबून कपडा उचलून बघायला हवा होता. पण मी शिंपी, आणि दहा बाह्या कापायच्या तर दहा वेळा कापत नाही, थप्पी लावून एकदाच कापतो. मी सगळाच्या सगळा मैदा लाटला, मलमलीची एक घडी, वर गोलांची रांग, पुन्हा घडी, पुन्हा रांग, अशी थप्पी लावली आणि जड इस्त्री घेऊन दोन्ही हातांनी दाबली. एका बाजूने, मग उलटून दुसऱ्या बाजूने. घामाघूम झालो. आणि मग घडी उलगडायला गेलो.

घडी उलगडेना. मैदा मलमलीत शिजला होता. ओढला तर धागे निघायचे, खरवडला तर लगदा निघायचा. अख्खं तीन मीटर कापड कडक खळ दिल्यासारखं ताठ उभं राहिलं, आणि त्यात कुठे कुठे पिझ्झ्याचे गोल उमटलेले.

अक्का दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"मेल्या, तू पिझ्झ्याला इस्त्री केलीस?" ती म्हणाली.

मी इस्त्रीचं बटण बंद केलं.

गुंडी आतून आली. तिने ते कापड बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिचा ओठ थरथरायला लागला. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "आईला विचारू या का? नुसतं विचारू. ये म्हणायचं नाही."

बाहेरून मागवायचे म्हणून दुकानात फोन लावला. ते म्हणाले, अडीच तास लागतील. घड्याळात पावणेचार झाले होते. खोटं कशाला बोलू, माझाही हात तिच्या नंबरापर्यंत गेला होता. ती चार शब्दांत काहीतरी सांगेल, मी ते करीन, संपलं. पण माझ्या बायकोला मी ओळखतो. माझा आवाज ऐकूनच तिला सगळं कळलं असतं, आणि पुढची बस पकडून ती घरी आली असती. आमच्या घरी नऊ पोरींना खायला मिळालं असतं आणि तिचं नाव कायमचं कापलं गेलं असतं. मी फोन पालथा ठेवला. मान वर केली तर अक्का स्वतःच्या फोनवर बोट फिरवत होती.

"अक्का, फोन ठेव."

"अरे, एक मिनिटाचं काम आहे. तिला फक्त विचारते, दुसरा मैदा कुठंय."

"अक्का." मी हातात कात्री असल्याचं विसरून तिच्याकडे गेलो. "ती आज बस चालवणार आहे. तू जर त्या बसचा ब्रेक दाबलास, तर या घरात तुझ्या ब्लाउजला हुकसुद्धा लावून मिळणार नाही."

अक्काचे सगळे ब्लाउज मीच शिवतो. तिने फोन पिशवीत टाकला. तरी माझा विश्वास बसेना, म्हणून मी तिच्या एका हातात किसणी आणि दुसऱ्या हातात चीजची वीट दिली. दोन्ही हात गुंतले की अक्का निम्मी होते.

मग मी घरातले डबे उघडायला लागलो. एक ब्रेडचा पुडा निघाला, कालचा, जरा सुकलेला, पंधरा स्लाइस. खारी बिस्किटं निघाली. अक्का किसता किसता म्हणाली की तिच्याकडे तीन बन आहेत. गुंडीला पिटाळून ते आणवले. सगळं कापायच्या टेबलावर मांडलं तेव्हा मला आमच्या वडिलांचं बोलणं आठवलं. उरलेसुरले तुकडे गोळा करणाऱ्या कारागिराला ते म्हणायचे, एक ना धड भाराभर चिंध्या. ते गेले, पण त्या क्षणी समोर असते तर मी त्यांना सांगितलं असतं की चिंध्यांतूनच शिंपी कळतो.

पहिला घाव चुकला. पेल्याने ब्रेडचा गोल कापला, वर सॉस फासलं, चीज टाकलं आणि ओव्हनमध्ये घातला. बाहेर आला तो मधोमध बसलेला. उचलला की वाकायचा आणि सगळा माल एका बाजूने घसरायचा. दुसरा केला, तोही तसाच. गुंडी म्हणाली, "बाबा, हा ओला रुमाल आहे." बोलण्यात पोरगी आत्यावर गेली आहे.

मी खुर्चीवर बसलो आणि त्या लुळ्या पिझ्झ्याकडे बघत राहिलो. असं लुळं मी आयुष्यभर बघत आलोय. कॉलर. नुसत्या कापडाची कॉलर दोन धुण्यांत मान टाकते. म्हणून तिच्या आत आम्ही बकरम घालतो, जाड, खरखरीत, ताठ. आणि ज्या कापडातून ओल आत जायची, त्याला अस्तर लावतो. मी ताडकन उठलो.

"गुंडी, ब्रेड आधी कोरडा भाजायचा. दोन्हीकडून, कडक होईपर्यंत. ते झालं बकरम. त्यावर लोण्याचा हात, आणि सॉसच्या आधी चीजचा पातळ थर. ते अस्तर. मग सॉस, मग भाज्या, मग वरचं चीज."

"चीजवर सॉस? उलटं होईल ना ते?"

"कोटाचं अस्तरही उलटंच असतं. कुणी तक्रार केलीय का?"

आता कापणं. पेल्याने एका स्लाइसमध्ये एकच गोल निघत होता आणि निम्मा ब्रेड वाया जात होता. माझ्याच्याने ते बघवेना. लोणच्याच्या बरणीचं झाकण मोजलं, सव्वादोन इंच. शेजारी शेजारी ठेवलं तर दुसरा गोल काठाबाहेर जायचा. उरेबात ठेवलं, म्हणजे एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरकं, तर दोन गोल अचूक बसले. खडूने खूण करायची तेवढी बाकी ठेवली. तेरा स्लाइस उरले होते, सव्वीस गोल निघाले. तीन बन मधून चिरले, ते सहा. कोपऱ्यांचा चुरा लोण्यात परतून घेतला आणि वर भुरभुरायला ठेवला. टेबलावर वीतभरही वाया गेलं नाही. मला एकदम तरतरी आली. पावणेचारला पाचावर धारण बसलेला माणूस मीच का, असं वाटायला लागलं.

आणि साडेचारलाच मुली आल्या. अर्धा तास आधी, आठच्या आठ, भुकेलेल्या. सगळ्यांत पुढे ती राणी. तिने भिंतीला टांगलेलं मलमलीचं कडक कापड बघितलं, भाजलेले ब्रेडचे गोल बघितले आणि गुंडीकडे वळून म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? टोस्ट."

गुंडीचा चेहरा पडला. मोठ्या माणसाने दहा वर्षांच्या पोरीशी भांडू नये हे मला कळतं. तरी मी भांडलो.

"राणीसाहेब," मी म्हणालो, "तुमचा झगा आता माझ्या कपाटात नुसता निळा तागा आहे. त्याला कुणी झगा म्हणत नाही. म्हणून तो होणार नाही का? हात धुऊन या. आपल्या हाताने केल्याशिवाय इथे कुणाला काही मिळणार नाही."

हे मी रागात बोललो, पण बोलल्यावर लक्षात आलं की याहून शहाणपणाचं त्या दिवशी मी काही बोललो नव्हतो. टेबलाभोवती नऊ मुली, अठरा हात. मी टेबलावर खाकी कागद पसरला. एकीकडे लोणी, पुढची अस्तर लावणार, तिसरी सॉस, मग कांदा, मिरची, मक्याचे दाणे. सॉस लावणाऱ्या मुलीने पार काठापर्यंत फासलं.

"काठाला माया सोड," मी म्हणालो.

"माया म्हणजे?" राणीने विचारलं.

"शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. अंग वाढलं तरी कपडा पुरतो. तू काठापर्यंत फासलंस तर चीज उतू जाऊन जळेल. बोटभर माया सोड."

मग काय, सगळ्या जणी एकमेकींना तेच सांगायला लागल्या. "ए, माया सोड." "तुझी माया कमी पडली." अक्का किसता किसता हसत होती, आणि अक्काला हसताना मी फार क्वचित बघितलंय.

पहिला ट्रे पाच वाजून दहा मिनिटांनी बाहेर आला. चीज बुडबुडत होतं, काठ खरपूस झाले होते. मी एक उचलला. मुद्दाम एका कडेला दोन बोटांत धरून आडवा उचलला, सगळ्यांना दिसेल असा. तो वाकला नाही. मला त्या क्षणी जे वाटलं ते माझ्या पहिल्या सुटाच्या वेळीही वाटलं नव्हतं. मी तो राणीच्या बशीत ठेवला.

तिने खाल्ला. कुर्रकन आवाज आला. घरात सगळ्या जणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या, अक्काचीसुद्धा किसणी थांबली होती. तिने दुसरा उचलला, तोही संपवला, मग बोट चाटत म्हणाली, "आमच्याकडे जो येतो तो वाकतो."

 गुंडीने नुसती तिसऱ्यासाठी राणीची बशी पुढे ओढली. इतक्या मानाने ओढली की माझा ऊर भरून आला.

बत्तीसच्या बत्तीस गेले. मग खाऱ्या बिस्किटांवर उरलेलं सॉस आणि चीज घालून आणखी दोन ट्रे काढले, तेही गेले. बिस्किटांना बकरम लागत नाही, ती जन्मतःच ताठ असतात. मापं घेताना प्रत्येकीच्या कमरेत मी अर्धा इंच वजा केला, कारण ते पोट पिझ्झ्याचं होतं. सहाला मुली गेल्या. जाताना राणीने मला विचारलं, "मास्तरकाका, माझ्या झग्यात माया किती सोडणार?" मी म्हटलं, दोन इंच. ती म्हणाली, तीन सोडा.

बायको साडेसातला आली. आम्ही तिघंही दारातच होतो. तिने चपला काढल्या, पाणी प्यायली, आणि मग म्हणाली, "झाले पास."

गुंडीने तिला मिठी मारली. अक्का डोळ्यांना पदर लावून लगेच आपण कसा फोन केला नाही ते सांगायला लागली. मी छाती पुढे काढून उभा होतो. मलमल, इस्त्री, अस्तर, सगळं सांगितलं. बायको हसून हसून खुर्चीत वाकली. मग डोळे पुसून सरळ बसली.

"मी दोन वाजल्यापासून फोन हातात धरून बसले होते," ती म्हणाली.

"का? मी शब्द दिला होता ना?"

"म्हणूनच." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "माझ्या आधीच्या माणसाने मैदानात रोवलेला खांब पाडला. तो उतरून गेला आणि माझा धीर सुटला. वाटलं, आता घरून फोन येऊ दे. गुंडीला ताप येऊ दे, नळ तुटू दे, काहीही होऊ दे. मागच्या दोन्ही वेळी घरून फोन आला ना मास्तर, तेव्हा मी सगळ्यांना दाखवायला चिडले. आतून सुटल्यासारखं वाटलं होतं."

मला राग आला. तो आला हे लपवत नाही. दोन वर्षं मी स्वतःला खात होतो, की माझ्यामुळे या बाईचं राहिलं. रात्रीची जेवणं मी मान खाली घालून जेवलोय. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तो राग उतरला. असली गोष्ट माणूस हरल्यावर सांगत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. साडेपाच झाले. फोन वाजलाच नाही. नाव पुकारलं. म्हटलं, आता घरचं निमित्तही नाही. चढले." तिने दोन्ही हात पुढे धरले, एवढ्या मोठ्या स्टिअरिंगवर ठेवल्यासारखे. "खांबांमधून उलटी घेतली. एकालाही धक्का नाही. परीक्षक खाली उतरून टेपने मोजून आला. दोन्हीकडे वीत-वीत जागा."

अक्काने विचारलं, कामावर कधीपासून. सोमवारपासून, बायको म्हणाली, सकाळची पाळी. मग तिने पिशवीतून डेपोने दिलेला नियमांचा कागद काढला, त्यावर बोट ठेवलं आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं.

"ड्युटीवर असताना फोन बंद ठेवावा लागतो," ती म्हणाली. "माझा फोन लागणार नाही."

तिने कागद घडी करून ठेवला आणि ते वाक्य पुन्हा एकदा, जरा सावकाश, स्वतःशीच म्हणून बघितलं.